द्वादशीचे पान

बाबांचे वर्षश्राद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या पितृपक्षात गुरुजींनी मला घरातल्या गेलेल्या माणसांची यादी करून ठेवायला सांगितले होते. महालयाच्या, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाच्या, संकल्पात नावे आणि गोत्रे उच्चारावी लागतात आणि ऐन वेळी कुणाचे नाव आठवत नाही, म्हणून त्यांनी हे आधीच बजावले होते. मी दोन संध्याकाळी आत्याजवळ बसून ती यादी लिहिली. आधी वडील, आजोबा आणि पणजोबा, मग आजी, पणजी आणि तिची सासू, त्यानंतर आईच्या माहेरची तीन पिढ्यांची नावे आणि शेवटी काका, मामा, मावश्या. सगळ्यांत खाली मी आजोबांच्या थोरल्या भावाचे नाव लिहिले. विशीतच, लग्नाआधी, त्यांनी संन्यास घेतला होता. आमच्या घरात त्यांना सगळे स्वामीआजोबा म्हणतात, जरी आज घरात असलेल्यांपैकी कुणीही त्यांना पाहिलेले नाही.

गुरुजींनी यादी वाचली, पेन्सिलीने प्रत्येक नावापुढे काश्यप, भारद्वाज असे गोत्र घातले आणि शेवटच्या नावापाशी ते थांबले. ते नाव त्यांनी खोडले नाही. त्याच्याभोवती हलकेच एक गोल केला आणि म्हणाले, "यांना गोत्र नाही. यांना तीळ द्यायचे नाहीत. यांचे पान द्वादशीला मांडा." आत्याने मान डोलावली. तिला ते ठाऊक होते, कारण तिच्या वडिलांनी आणि नंतर बाबांनीही तसेच केले होते. बाबा असेपर्यंत श्राद्धाचा अधिकार त्यांचा असल्यामुळे मी आत कधी नीट पाहिलेच नव्हते. बाबा हयात असेपर्यंत पितृपक्ष हा माझ्या लेखी आमसुलाच्या चटणीचा आणि वड्यांचा पंधरवडा होता.

त्या पेन्सिलीच्या गोलाने मला पुढची काही वर्षे विचार करायला लावले. घरातून कायमचा गेलेला माणूस आणि घरातच राहून वारलेला माणूस यांच्यात आपली परंपरा इतका बारकाईने फरक का करते, आणि फरक करूनही दोघांना एकाच पंधरवड्यात का बोलावते, हा तो विचार. त्याविषयी जे समजले ते येथे लिहीत आहे.

आधी पितरांविषयी. बाबा माघ शुद्ध सप्तमीला गेले, म्हणून त्यांचा महालय भाद्रपद वद्य सप्तमीला येतो. महिना आणि पक्ष कोणताही असो, तिथी तेवढी धरायची. आमच्याकडे कोकणातल्या वळणाने याला 'म्हाळ' म्हणतात, देशावर 'पितर' किंवा 'पित्तर' म्हणतात. सधवा गेलेल्या स्त्रीचे श्राद्ध अविधवा नवमीला, शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांचे चतुर्दशीला आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही किंवा चुकली आहे अशा सर्वांचे सर्वपित्री अमावास्येला केले जाते. दुसऱ्याच दिवशी, आश्विन शुद्ध प्रतिपदेला, मुलीच्या मुलाने आपल्या आजोबांचे श्राद्ध करायचे असते. म्हणजे घटस्थापनेच्या दिवशीच एखादा लहानगा नातू मातामहाला पाणी देत असतो. पितृपक्ष अशुभ असे सर्रास मानले जाते. खरेदी थांबते, नव्या कामाला हात लागत नाही. ज्या पंधरवड्यात घरातली सगळी माणसे परत जेवायला येतात तो अशुभ कसा, हे मला आजही पटत नाही.

श्राद्धाच्या दिवशी सकाळपासून घराची चाल उलटी असते. रोज आधी देवाला नैवेद्य दाखवून लगेच पाने वाढतात, त्या दिवशी मात्र मध्यान्ह उलटेपर्यंत थांबायचे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे पंधरा मुहूर्त केले की त्यातला आठवा तो कुतप, आणि श्राद्धाला त्या वेळेपासून पुढचा काळ योग्य. तोवर आई सोवळ्यात स्वयंपाक करत असते. तांदळाची खीर, उडदाचे वडे, अळूची भाजी, लाल भोपळा, गवार, कारले, भेंडी, कढी, आमसुलाची चटणी असा तो बेत असतो. कांदा-लसूण नाही. दारात रांगोळी नाही. पानाभोवती रांगोळीच्या जागी भस्माची रेघ ओढायची. देवांच्या पानाभोवती चौकोनी आणि पितरांच्या पानाभोवती गोल. फुले पांढरी, त्यांच्याबरोबर तुळस आणि माक्याची पाने. पूर्वी क्षणाचे, म्हणजे श्राद्धासाठी निमंत्रण दिलेले, ब्राह्मण बोलावून त्यांना पाटावर बसवत. आता पुष्कळ घरांत दर्भाचे चट, म्हणजे ब्राह्मणांच्या जागी दर्भाची प्रतीके, ठेवून त्यांवरच सर्व उपचार करतात आणि शिधा देतात. आमच्याकडेही तसेच करतात.

मात्र मला सर्वांत अधिक शिकवले ते हाताने. तर्पण करताना एकाच ओंजळीतले पाणी तीन वाटांनी सोडायचे असते. देवांना बोटांच्या अग्रावरून, पूर्वेकडे तोंड करून, जानवे नेहमीसारखे डाव्या खांद्यावर ठेवून. ऋषींना करंगळीच्या मुळाजवळून, उत्तरेकडे तोंड करून, जानवे माळेसारखे गळ्यात घेऊन. आणि पितरांना अंगठा व तर्जनी यांच्या मधल्या जागेतून, दक्षिणेकडे तोंड करून, जानवे उजव्या खांद्यावर घेऊन, म्हणजे अपसव्य करून, पाण्यात काळे तीळ घालून. पहिल्या वर्षी माझा हात सारखा चुके. बोटे खाली झुकत आणि पाणी देवतीर्थावरून, म्हणजे बोटांच्या अग्रावरून, ओघळे. गुरुजी माझे मनगट धरून हात उजवीकडे कलता करायचे. अंगठ्याच्या बेचक्यातून पाणी सुटू लागले आणि तीळ तळहाताला चिकटून राहिले, तेव्हा मला प्रथमच जाणवले की बाबा आता ऋषींच्या किंवा देवांच्या नव्हे, या तिसऱ्या दिशेला आहेत.

तर्पणात ऋषी मध्ये येतात हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्यांचे गोत्र आपण सांगतो, ज्यांनी मंत्र पाहिले, ते ऋषीही गेलेलेच आहेत, पण त्यांना तिलोदक नाही. त्यांना शुद्ध पाणी, गळ्यात माळेसारखे जानवे. ते कुणा एका घराचे पितर नाहीत, सर्वांचे आहेत. भाद्रपद शुद्ध पंचमीला ऋषिपंचमी येते, सप्तर्षींबरोबर अरुंधतीचीही पूजा होते, बैलाच्या श्रमाचे काही न खाण्याचे व्रत पाळून घरात ऋषीची भाजी होते. शेगावच्या गजानन महाराजांनी १९१० साली समाधी घेतली ती याच ऋषिपंचमीला, आणि म्हणून त्यांची पुण्यतिथी ऋषिपूजनाच्या दिवशीच येते. त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी पितृपक्ष सुरू होतो. भाद्रपदाचा पहिला पंधरवडा गणपतीचा आणि ऋषींचा, दुसरा पितरांचा; तर्पणात हाताने जो क्रम धरायचा, तोच हा महिना धरतो.

महालयाच्या यादीकडे परत येतो. वार्षिक श्राद्धात वडील, आजोबा आणि पणजोबा एवढेच येतात. त्यांना अनुक्रमे वसू, रुद्र आणि आदित्य यांच्या रूपात पाहायचे असते. महालयाचा परीघ मात्र फार मोठा आहे. आईकडचे आजोबा-पणजोबा सपत्नीक येतात, पत्नी, मुले, भाऊ, काका, मामा, आत्या, मावशी, बहीण, सासरे येतात आणि त्यानंतर गुरू, शिष्य आणि आप्त येतात. ज्याने आपल्याला शिकवले आणि ज्याला आपण शिकवले, ते दोघेही रक्ताच्या नातेवाइकांच्या रांगेत बसतात. मी गुरुजींना विचारून माझ्या शाळेतल्या संस्कृतच्या बाईंचे नाव त्यात घातले आहे. त्यांना मूल नव्हते. दरवर्षी सप्तमीला माझ्या घरी त्यांना पाणी मिळते, हे त्या असत्या तर त्यांना मी सांगितले असते.

ज्यांना कुणी नाही त्यांची काळजी या विधीने ज्या तऱ्हेने घेतली आहे ती पाहून मन भरून येते. माघ शुद्ध अष्टमीला भीष्मतर्पण करतात. भीष्मांनी लग्न केले नाही, त्यांना पुत्र नाही, म्हणून त्यांच्या नावाने सर्वांनीच पाणी द्यायचे. 'अपुत्राय ददाम्येतज्जलम्', ज्याला पुत्र नाही त्याला मी हे पाणी देतो, असे त्या मंत्राचे शब्द आहेत. आणि रोजच्या तर्पणाच्या शेवटी, स्नानाचे ओले वस्त्र पिळताना, आपल्या कुळात जे कुणी निपुत्रिक वारले त्यांनी हे वस्त्र पिळल्याचे पाणी घ्यावे, असा एक श्लोक म्हणायचा असतो. ज्याच्याकडे श्राद्धाला काहीच नाही त्याने काय करावे, हेही पुराणांनी सांगून ठेवले आहे. गाईला मूठभर गवत घालावे, तेही शक्य नसेल तर रानात जाऊन दोन्ही हात वर करावेत आणि माझ्याजवळ धन नाही, पितरांनी माझ्या भक्तीने तृप्त व्हावे, असे मोठ्याने म्हणावे. मी शहरातल्या फ्लॅटच्या गॅलरीत काकबळी ठेवून कावळ्याची वाट पाहत उभा असतो आणि कावळा येत नाही, तेव्हा मला हे वर केलेले हात आठवतात आणि धीर येतो.

मग इतक्या उदार यादीतून स्वामीआजोबा बाहेर कसे?

याचे उत्तर संन्यासाच्या विधीतच आहे. संन्यास घेण्यापूर्वी माणसाला आठ श्राद्धे करावी लागतात. देवांचे, ऋषींचे, मग दिव्य, मनुष्य, भूत, पितर आणि माता यांचे, आणि शेवटचे आठवे स्वतःचे. आत्मश्राद्ध. तो स्वतःच्या हाताने स्वतःला पिंड देतो, जानवे आणि शेंडी यांचा त्याग करतो, आणि त्याबरोबरच नाव आणि गोत्रही सोडतो. त्यानंतर त्याच्यासाठी घराने करायचे काही उरत नाही, कारण जे करायचे ते त्याने आधीच केलेले असते. सामान्य माणूस वारल्यावर काही काळ प्रेत म्हणून राहतो आणि सपिंडीकरणानंतर पितरांमध्ये मिसळतो अशी धारणा आहे. दहावे, अकरावे, बारावे हे सर्व त्यासाठी. संन्याशाला प्रेतत्व येतच नाही असे शास्त्र मानते. त्याचे दहन करत नाहीत. त्याला समाधी देतात किंवा नदीत जलसमाधी देतात. अकराव्या दिवशी पार्वण, म्हणजे तीन पिढ्यांना उद्देशून करायचे श्राद्ध, बाराव्या दिवशी नारायणबली आणि तेराव्या दिवशी आराधना होते, आणि या आराधनेत गुरू, परमगुरू, परमेष्ठिगुरू आणि परात्परगुरू असे चार आणि विष्णूच्या केशवादी बारा नावांनी बारा, असे सोळा जण पूजून जेवू घालतात. वडील, आजोबा, पणजोबा यांच्या जागी गुरू, गुरूंचे गुरू आणि त्यांचेही गुरू आले. पिढ्या मोजण्याची रीत तीच राहिली, पण वंश बदलला. हे मला या सगळ्यातले सर्वांत सुंदर कलम वाटते.

आपली भाषाही हा भेद पाळते. घरातला माणूस वारतो, निवर्ततो, त्याच्या नावामागे आपण 'कै.' लावतो. वारकऱ्याच्या नावामागे 'वै.' येते, कारण तो वैकुंठवासी. संन्याशाच्या बाबतीत 'ब्रह्मीभूत झाले' असा शब्द आहे. आमच्या घरातल्या लाकडी पेटीत एक जुने पोस्टकार्ड आहे, नर्मदेकाठच्या एका गावाहून आलेले. शाई फिकट तपकिरी झाली आहे आणि एका कोपऱ्यावर पाण्याचा डाग आहे. त्यावर चारच ओळी आहेत, की अमुक स्वामी या तिथीला ब्रह्मीभूत झाले, देह नर्मदार्पण केला, पूर्वाश्रमीच्या आप्तांना कळावे. 'पूर्वाश्रमीच्या आप्तांना' या शब्दांवर आत्या दर वेळी बोट ठेवते. तिच्या आजीने हे कार्ड वाचून घेतले, स्नान केले आणि स्वयंपाकघरात गेली, सुतक धरले नाही, रडली नाही, एवढेच आत्याने ऐकले आहे. संन्यासी मुलाचे सुतक नसते. आईच्या बाबतीत हा नियम किती जड आहे याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

नियमाच्या या जडपणाची सर्वांत मोठी कथा आपल्या महाराष्ट्राचीच आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने ते आळंदीला परत येऊन संसाराला लागले. ज्याने स्वतःचे श्राद्ध केले आहे तो पुन्हा घरात आला तर त्याचे काय करायचे, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. तो जिवंतांत बसेना आणि गेलेल्यांतही बसेना. संन्याशाची मुले म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता यांनी जे भोगले त्याचे मूळ या न बसण्यात आहे. आणि त्याच ज्ञानदेवांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत संजीवन समाधी घेतली. आजही त्या दिवशी नामदेवरायांच्या वंशजांचे कीर्तन होते, समाधीचा प्रसंग वर्णन करताना कीर्तनकाराचा आणि ऐकणाऱ्यांचाही कंठ दाटून येतो, आणि ठरल्या वेळी घंटानाद होऊन समाधीवर पुष्पवृष्टी होते. याला कुणी श्राद्ध म्हणत नाही. सोहळा म्हणतात. मी दोनदा तेथे गर्दीत उभा राहिलो आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या प्रसंगावर माणसे आज वारल्याप्रमाणे रडतात आणि लगेच एकमेकांच्या पाया पडून उराउरी भेटतात. श्राद्धाच्या दिवशी आपण जो आवंढा गिळतो तो तेथे मोकळा होतो असे मला वाटते.

पितरांना आपण देतो आणि संतांकडून आपण घेतो, असे आत्या म्हणते. ढोबळमानाने ते खरे आहे. श्राद्धाचे पान वाढले जाते ते त्यांच्या तृप्तीसाठी. त्याला कुणी प्रसाद म्हणत नाही. उलट आराधनेत पाय धुतलेले पाणी तीर्थ म्हणून घेतात आणि उरलेले अन्न प्रसाद होते. दत्तसंप्रदायात नृसिंहसरस्वतींच्या निजानंदगमनाची कथा सांगतात. गाणगापुरातून निघून श्रीशैलाला ते फुलांच्या आसनावर बसून नदीतून निघून गेले आणि जाताना सांगितल्याप्रमाणे त्यांनी चार शिष्यांसाठी प्रसादाची चार फुले प्रवाहातून परत पाठवली. त्या तिथीला, माघ वद्य प्रतिपदेला, आपण गुरुप्रतिपदा म्हणतो. पितरांच्या बाबतीत पाणी आपल्याकडून तिकडे वाहते, येथे प्रवाह फुले घेऊन आपल्याकडे येतो.

तरीही आत्याचे वाक्य मी जसेच्या तसे मान्य करत नाही, कारण श्राद्धाच्या शेवटी पितरांकडेही मागायचे असते. दक्षिणेकडे पाहत हात जोडून म्हणायचे ते मागणे असे आहे: आमच्या घरात देणारे वाढोत, विद्या आणि संतती वाढो, आमची श्रद्धा न ढळो, आमच्याजवळ देण्यासारखे पुष्कळ असो, आमच्याकडे मागणारे येवोत आणि आम्हांला कुणाकडे मागावे न लागो. सर्व मंत्रांत हा एक मी अर्थासकट पाठ केला, कारण बाबांनी आयुष्यभर याच क्रमाने हव्याशा वाटलेल्या गोष्टी सांगितल्या होत्या. पितर जे देतात ते घराचे असते, म्हणजे माणसे, धान्य आणि दातृत्व. संतांकडे आणि यतींकडे, म्हणजे संन्याशांकडे, मागायचे ते या घराच्या पलीकडचे. दोन्ही मागणी खरी आहेत आणि एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही.

पैठणच्या एकनाथांच्या चरित्रात ही दोन्ही टोके एकत्र आलेली दिसतात. त्यांच्या घरच्या श्राद्धाची कथा सर्वांना माहीत आहे. पितरांसाठी रांधलेल्या अन्नाचा वास रस्त्यावरून जाणाऱ्या, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या, माणसांना आला, त्यांच्या मुलांना भूक लागली होती, आणि नाथांनी ते सगळे अन्न त्यांना वाढले. पुन्हा स्वयंपाक केला तरी निमंत्रित ब्राह्मण जेवायला आले नाहीत, तेव्हा पितर स्वतःच पानांवर येऊन बसले, असे आख्यायिका सांगते. श्राद्ध कोणासाठी, या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे मिळालेले नाही. आणि हेच नाथ आपल्या गुरूंच्या, जनार्दनस्वामींच्या, तिथीला इतके बांधलेले होते की १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे स्वामींच्याच समाधीच्या तिथीला, त्यांनी गोदावरीत जलसमाधी घेतली. पैठणच्या नाथषष्ठीला गुरू आणि शिष्य दोघांचीही आठवण होते.

पुरोहित, दर्भ, पोथी यांवाचूनही हे सर्व चालते हे येथे सांगितले पाहिजे, नाहीतर मी फक्त माझ्याच घराचे वर्णन केले असे होईल. देशावर अनेक घरांत गेलेल्या माणसाच्या वयाच्या कुणाला तरी जेवायला बोलावतात आणि त्या पाहुण्यालाच त्या दिवसापुरते 'पित्तर' म्हणतात. त्याच्या पाया पडतात, त्याला आवडीचे वाढतात. खानदेशात अक्षय्य तृतीयेला, आखाजीला, मातीची घागर भरून तिच्यावर खरबूज, आंबे आणि सांजोऱ्या ठेवून पितरांना उन्हाळ्यातले गार पाणी देतात. कित्येक देवघरांत वीर म्हणून पूर्वजांचे चांदीचे टाक कुलदेवतेच्या शेजारी बसवलेले असतात आणि नाशकात धुळवडीला ते टाक वाजतगाजत गोदावरीवर स्नानाला नेतात. गोव्यात आणि दक्षिण कोकणात मूळपुरुषाचे स्थान असते. कुळाचा पहिला माणूस तेथे देवाच्या आवारात, स्वतःच्या दिव्यासह बसलेला असतो. पितर आणि देव यांच्यातली रेघ तेथे पुसट झाली आहे, आणि कुणाचे काही बिघडलेले नाही.

पुत्र असलेल्या संन्याशाचे वार्षिक आणि महालय श्राद्ध पुत्राने पार्वणविधीने करावे, आणि महालय द्वादशीलाच करावा, असे धर्मशास्त्राच्या ग्रंथांत सांगितले आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या अठराव्या शतकाच्या अखेरच्या धर्मसिंधूतही हा निर्णय आहे आणि आपल्याकडचे बहुतेक गुरुजी त्याच ग्रंथाच्या आधाराने बोलतात. म्हणजे ज्याने घर सोडले त्याला पितृपक्षातून पूर्णपणे वगळावे असे शास्त्रालाही वाटले नाही. अमावास्येच्या गर्दीत न ढकलता त्याला स्वतःची तिथी दिली. स्वामीआजोबांना पुत्र नव्हता, म्हणून पिंडदान नाही. आमच्या घराण्याच्या चालीप्रमाणे फक्त आराधनेच्या भावनेने एक पान. या पानाला आमच्यावरचे बंधन म्हणता येणार नाही, कारण त्यांनी आम्हांला सर्व बंधनांतून सोडवले होते. त्यांनी घराला सोडले, घराने मात्र त्यांना सोडले नाही, आणि द्वादशी हा त्या न सोडण्याला शास्त्राने दिलेला मान आहे, असे मी आता समजतो.

गेल्या वर्षी सप्तमीला बाबांचा म्हाळ झाला तेव्हा पानाभोवती भस्म मी घातले. पाच दिवसांनी, द्वादशीला, आत्या सकाळी लवकर आली. आता तिचे गुडघे दुखतात, तरी पाटासमोर खाली बसल्याशिवाय तिचे समाधान होत नाही. तिने माझ्या हातातली भस्माची वाटी बाजूला ठेवली आणि रांगोळीचा डबा मागितला. केळीच्या पानाभोवती तिने बारीक, सलग रेघ ओढली, कोपऱ्यांत चार ठिपके दिले आणि वर एक कमळ काढले. दारातही रांगोळी घालायला लावली. पितृपक्षात रांगोळी पाहून शेजारच्या काकू थबकल्या, तेव्हा आत्याने त्यांना आत बोलावून पाटावर बसवले आणि आज आमच्याकडे यतींचे पान आहे, जेवूनच जा, म्हणून सांगितले.

मी संध्येसारखे जानवे डाव्या खांद्यावर ठेवून, पूर्वेकडे तोंड करून बसलो. पळीत पाणी घेतले. पाच दिवसांपूर्वीची सवय हातात होती, अंगठा आपोआप बाजूला झाला आणि पाणी बेचक्याकडे वळले. आत्याने पदर सावरत पुढे वाकून माझी बोटे जुळवून सरळ केली. पाणी अग्रावरून ताम्हनात पडले, तिने खिरीची वाटी पानावर ठेवली, आणि आईला हाक मारून म्हणाली, "आता वाढ गं. त्यांचे झाले, आपल्याला प्रसाद दे."